कुंपणापलीकडचा सरडा

पोकेमॉनमधला चारिझार्ड हा ड्रॅगन नाही, ही गोष्ट मला तिशी उलटल्यावर, नऊ वर्षांच्या भाचीकडून कळली. गेल्या पावसाळ्यातला तो रविवार होता. धरणातून पाणी सोडल्याचे कळताच आम्ही दोघे छत्री घेऊन गंगेवर जाऊन आलो होतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिचा पूर मीटरमध्ये न मोजता नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. त्या दिवशी पाणी मारुतीच्या गुडघ्यांच्या आसपास होते, म्हणजे पूर पाहिल्याचे समाधान मिळावे आणि काळजी मात्र करावी लागू नये, इतकेच. घरी येऊन डोके पुसता पुसता तिने वही उघडली आणि नारिंगी अंगाचा, पंख पसरलेला, शेपटीच्या टोकावर ज्योत असलेला प्राणी काढायला घेतला. मी म्हणालो, ‘ड्रॅगन छान जमलाय.’ तिने मान वर न करता उत्तर दिले, ‘मामा, तो ड्रॅगन नाहीये. तो फायर आणि फ्लाइंग आहे.’

तिचे म्हणणे नियमाने खरे आहे. पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या जगात प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन प्रकार ठरवून दिलेले असतात आणि कोणाचा मारा कोणावर किती लागू पडेल, हे त्या प्रकारांवरून ठरते. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा त्यातल्या दीडशेएक प्राण्यांपैकी ड्रॅगन प्रकारात अवघे तीन होते, आणि ते तिघेही एकाच वंशातले: ड्रॅटिनी, ड्रॅगोनेअर आणि ड्रॅगोनाइट. त्यातला ड्रॅगोनाइट पोट सुटलेला आणि मायाळू चेहऱ्याचा आहे; मनीऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनसारखा तो मला नेहमी वाटत आला आहे. चारिझार्डला मात्र पंख आहेत, नखे आहेत, तोंडातून आगही निघते, आणि तरी ड्रॅगनांत त्याची गणना नाही. पुढच्या खेळांत अंड्यांचे गट, म्हणजे कोणाची जोडी कोणाशी जमते ते, ठरवले गेले तेव्हा त्याला ड्रॅगनांच्या गटात घेतले गेले. ड्रॅगनांचा उस्ताद म्हणवणाऱ्या लान्सच्या चमूतही तो दिसला. म्हणजे पंगतीला बसवले, पण गोत्र दिले नाही. २०१३ साली आलेल्या खेळांत त्याला दोन मेगा रूपे मिळाली. त्यांपैकी एकात तो काळा होतो, त्याच्या ज्वाळा निळ्या होतात आणि तेव्हा कुठे त्याला ड्रॅगन म्हणतात. तेही ती लढाई संपेपर्यंतच.

त्याचे मूळ जपानी नावसुद्धा ड्रॅगनाचे नाही. पिल्लू असताना त्याला तिकडे हितोकागे म्हणतात. ‘हि’ म्हणजे आग आणि ‘तोकागे’ म्हणजे सरड्या-पालीच्या कुळातला प्राणी. मोठेपणी तो लिझार्डॉन होतो, त्यातही सरडाच बसलेला आहे. हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली, कारण माझे आजोबा त्याला पहिल्या दिवसापासून सरडाच म्हणत असत. त्यांना जपानी येण्याचे काही कारण नव्हते. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर व्याल असतो, पन्हाळीच्या तोंडाशी मकर असतो, किल्ल्याच्या दरवाजावर शरभ असतो, पण ड्रॅगनाला आपला असा शब्द नाही. तेव्हा त्यांनी समोर जे दिसले त्याला जवळचा शब्द वापरला आणि तो बरोबर निघाला.

या खेळावरची कार्टून मालिका जपानमध्ये १ एप्रिल १९९७ रोजी सुरू झाली. आमच्या घरी ती कार्टून नेटवर्कवरून हिंदीतून आली, ती २००३ साली. नाशिकमध्ये ते सिंहस्थाचे वर्ष होते. शाहीस्नानाच्या दिवसांत पंचवटीकडचे रस्ते अडवलेले असत, आमच्या वाड्याबाहेरच्या बोळातून दिवसभर माणसांची रांग सरकत असे आणि आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी असे. वडील सातपूरला कारखान्यात, आई निफाडच्या बाजूला शाळेवर. त्यामुळे मी दिवसभर आजोबांच्या ताब्यात असे. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते आणि नोकरीतली शिस्त त्यांनी घरी आणून ठेवली होती. टीव्ही किती वेळ लावायचा हे ते मनगटावरच्या घड्याळात पाहून ठरवत. मालिका लागली की ‘काय तो माकडपणा’ असे म्हणत आणि खुर्ची मात्र टीव्हीला पाठ करून कधी लावत नसत.

अकरावा भाग मी त्यांच्यासोबत पाहिला. ॲश हा दहा वर्षांचा मुलगा पिकाचू या आपल्या पोकेमॉनला आणि मित्रांना घेऊन वाटेने चालला आहे, आणि एका मोठ्या खडकावर चारमँडर नावाचे हे चारिझार्डचे पिल्लू एकटेच बसलेले आहे. त्याच्या मालकाने, डेमियन नावाच्या पोराने, त्याला ‘इथे थांब, मी येतो’ असे सांगितलेले आहे. मालक येणार नसतो. पिल्लू दुबळे आहे म्हणून त्याने ते टाकून दिलेले असते आणि मित्रांच्या घोळक्यात बसून तो त्यावर हसत असतो. पिल्लाचा मात्र त्याच्या शब्दावर विश्वास असतो. मग पाऊस येतो. शेपटीवरची ज्योत विझली तर चारमँडर मरतो, हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेले असते. ते पिल्लू एका मोठ्या पानाची छत्री करून ती डोक्यावर न धरता शेपटीवर धरते.

आजोबा त्या वेळी देवापुढच्या समईची वात सारखी करत होते. त्यांनी तिकडूनच विचारले, ‘विझली तर काय होतं त्याला?’ मी सांगितले, ‘मरतो.’ त्यावर ते समई तशीच ठेवून बाहेर येऊन बसले. थोड्या वेळाने मी ओरडलो, ‘विझली, विझली!’, तेव्हा त्यांनी मला दटावले की दिव्याला विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावे. एका चित्रातल्या सरड्याच्या शेपटीला त्यांनी घरातल्या दिव्याचा नियम लावला होता आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटले नव्हते. बाहेर आमच्या कौलांवर पाऊस पडत होता आणि स्वयंपाकघरात ठिबकणाऱ्या पाण्याखाली पातेले लावलेले होते. पिल्लू वाचले, मालक लाज सोडून त्याला परत न्यायला आला आणि पिल्लाने त्याच्यावर आग फेकून ॲशच्या बाजूने जायचे ठरवले, तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, ‘हुशार आहे सरडा.’

इथवरची गोष्ट कुठल्याही बोधकथेत शोभावी अशी आहे. टाकलेल्या जिवाला सांभाळा, तो तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाही. आपल्याकडे अशा गोष्टींना तोटा नाही. जखमी हत्तीची आहे, काटा रुतलेल्या वाघाची आहे, मुंगीला पान टाकणाऱ्या कबुतराची आहे, आणि सगळ्यांत उपकाराची परतफेड वेळेवर होते. ही मालिका एरवी फार सावध होती. निम्मे भाग एकाच साच्यातून काढलेले, तेच तिघे चोर, तोच फसलेला बेत, तेच आकाशात उडून जाणे. आज सलग बघायला बसलो तर मला दहा भागांच्या पुढे जाववत नाही. पण या एका प्राण्याच्या बाबतीत तिने जे धाडस केले, ते मुलांच्या गोष्टींत सहसा होत नाही. वाचवलेल्या पिल्लाला तिने मोठे होऊ दिले, आणि मोठे झाल्यावर वाचवणाऱ्याचे ऐकायचे नाही असे ठरवू दिले.

त्रेचाळिसाव्या भागात चारमँडरचा चारमिलियन होतो आणि तिथूनच त्याचे डोळे बदलतात. शेहेचाळिसाव्यात एक प्राचीन, दगडातून जिवंत झालेला एरोडॅक्टिल ॲशला उचलून नेतो आणि त्याच्याशी भिडताना चारमिलियनला पंख फुटून तो चारिझार्ड होतो. बघणाऱ्याला वाटते, धन्याला सोडवायला झेपावला. प्रत्यक्षात त्याचे लक्ष ॲशपेक्षा त्या एरोडॅक्टिलवर आहे, ज्याने त्याचा अपमान केला. पुढे तो ॲशच्याच तोंडावर आग फेकतो, लढाईत पाठ फिरवतो, समोरचा आपल्या तोडीचा नाही असे वाटले तर हलत नाही. ज्वालामुखीच्या काठावर ब्लेन नावाच्या उस्तादाच्या मॅगमारशी तो जीव तोडून लढला, तो केवळ मॅगमार तोडीचा होता म्हणून. आणि इंडिगो लीग या मोठ्या स्पर्धेत, जिथे पोहोचायला ॲशला ऐंशीएक भाग लागले, तिथे रिची या मित्राविरुद्धच्या निर्णायक सामन्यात स्पार्की नावाच्या पिकाचूसमोर तो चक्क आडवा झाला. ॲश शेवटच्या सोळांत अडकला. लहानपणी मला हा भाग सहन झाला नव्हता. नायक हरतो, आणि हरवणारा शत्रू नसतो, तर आपलाच झोपलेला सोबती असतो, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या हिशेबात बसवावे ते कळत नाही.

आजोबांना तो कळला असावा. पंख फुटले त्या दिवशी ते म्हणाले होते, ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. यानं कुंपणच ठेवलं नाही.’ सामना हरल्यावर मी रडवेला होऊन विचारले, की ॲशने त्याचा जीव वाचवला तरी तो असा का वागतो. ते म्हणाले, ‘जीव वाचवला म्हणजे विकत घेतला का?’

पुष्कळ वर्षांनी खेळाचे नियम वाचताना मला त्यांच्या या वाक्याला अनपेक्षित आधार सापडला. खेळात एक अट आहे: दुसऱ्या खेळाडूकडून आलेला पोकेमॉन तुमच्या लायकीपेक्षा फार मोठा असेल, तर तो तुमचे ऐकत नाही, आणि ती लायकी ‘जिम’ नावाचे आखाडे जिंकून मिळवलेल्या बिल्ल्यांवरून ठरते. म्हणजे परक्या घरातून आलेल्याने आपले ऐकावे यासाठी आपल्यापाशी काहीतरी कमावलेले असावे लागते. आता ॲशचा पहिल्या प्रवासाचा हिशेब पाहावा. त्याच्या आठ बिल्ल्यांपैकी कितीतरी त्याला लढाई जिंकून मिळालेले नाहीत. कुठे आग विझवायला मदत केली म्हणून मिळाला, कुठे कोणाचे भले केले म्हणून मिळाला, कुठे सामना अर्धवट राहिला तरी मनाचा मोठेपणा म्हणून दिला गेला. मुलगा चांगला आहे, म्हणून बिल्ला. चारिझार्डला मुलाच्या चांगुलपणाबद्दल शंका नसावी. ते पान आणि तो पाऊस त्यालाही आठवत असणार. त्याला शंका होती ती त्याच्या लढण्याबद्दल, आणि त्या काळापुरती ती रास्त होती. कृतज्ञता आणि आज्ञाधारकपणा या दोन गोष्टी आपल्या घरांत इतक्या एकमेकींत शिवलेल्या असतात की एकीचा टाका उसवला की दुसरीही गेली असे आपण धरून चालतो. या मालिकेने त्या वेगळ्या करून दाखवल्या आणि तब्बल साठ भाग वेगळ्याच ठेवल्या.

(जाता जाता एक: आग आणि उडणे हे दोन्ही प्रकार एकत्र आल्यामुळे चारिझार्डला दगडाचा मारा चौपट लागतो. पुढच्या खेळांत मैदानात टोकदार दगड पेरून ठेवण्याची एक चाल आली, आणि ती पेरलेली असली की हा बिचारा नुसते मैदानात उतरताच निम्मी ताकद गमावून बसतो. काळ्या पाषाणाच्या या मुलुखात त्याचा निभाव लागला नसता, असे मी भाचीला म्हणालो. तिला ते विनोदी वाटले नाही.)

दुरावा मिटतो तो ऑरेंज बेटांवर. टॅड नावाच्या एका खेळाडूच्या पोलिरॅथकडून चारिझार्ड सपाटून मार खातो आणि त्याच्या बर्फाच्या माऱ्याने गोठतो. शेपटीवरची ज्योत पुन्हा एकदा मंदावते. रात्रभर मोकळ्या माळावर शेकोटी पेटवून ॲश त्याचे प्रचंड थंडगार अंग हातांनी चोळत बसतो, चोळून चोळून हात सोलवटतात, आणि चोळता चोळता तो त्या खडकावरच्या पिल्लाची आठवण काढत राहतो. मी हा भाग मोठेपणी किमान चार वेळा पाहिला आहे. वरवर पाहता ही अकराव्या भागाचीच उजळणी आहे: तेव्हा पाणी, आता बर्फ; तेव्हाही ज्योत, आताही ज्योत. पण पहिल्या वेळी वाचवणारा मोठा होता आणि वाचणारा लहान. दुबळ्याला वाचवण्यात वाचवणाऱ्याचा मान वाढतो, डेमियनपेक्षा आपण बरे हे सिद्ध होते. या वेळी समोर आहे तो आपल्यापेक्षा ताकदवान, आपल्याला चारचौघांत हरवणारा, तोंडावर आग फेकणारा. त्याच्यासाठी हात सोलवटून घेण्यात कसलाच मान नाही. सकाळी चारिझार्डची ज्योत भडकते, आणि ॲशच्या डोळ्यांत बघून तो पुढे जो निर्णय घेतो त्याला मी आज्ञापालन म्हणणार नाही. तो त्याचे ऐकू लागतो, पण आपल्या मर्जीने.

माझ्या बाबतीत घडले ते याच्याशी जुळते असे म्हणायला मी बिचकतो, कारण जुळवायला बसले की सगळेच जुळते. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला जाणार नाही असे घरात सांगितले, आणि आजोबांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे, त्यांनी मिळवून आणलेले फॉर्म, त्यांनी शब्द टाकलेली माणसे, हे सगळे वाया गेले. नातेवाइकांत जे बोलले जायचे ते बोलले गेले: ज्याने सांभाळले त्याच्यावरच उलटला. आजोबा स्वतः तसे एकदाही बोलले नाहीत. ते माझ्याशी बोलेनासेच झाले. दोन महिने आम्ही एकाच घरात एकमेकांना निरोप आईकडून पाठवले. पुढे श्रावणात मला टायफॉइड झाला. ताप उतरत नव्हता त्या रात्री कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत ते बसून राहिले, पट्टी बदलताना हाताला हात लागे तेव्हा त्यांची बोटे पाण्याने सुरकुतलेली जाणवत, आणि मला झोप लागली आहे असे समजून ते मी चार वर्षांचा असताना भद्रकालीच्या बाजारात कसा हरवलो होतो आणि कुठल्या दुकानाच्या पायरीवर सापडलो, ते माझ्या आजीच्या फोटोला सांगत होते. मला तेव्हा कुठलाही सरडा किंवा ड्रॅगन आठवला नाही. सकाळी ताप उतरला. मी इंजिनिअरिंगला गेलो नाही, त्यांनी माझा निर्णय मान्य केला असेही कधी म्हटले नाही. पण चहाचा कप माझ्यासमोर ठेवताना ‘साखर बघ’ असे ते म्हणाले आणि दोन महिन्यांनी आमचे बोलणे तिथून सुरू झाले.

यानंतरचा चारिझार्ड ॲशच्या चमूतला सर्वांत मोठा लढवय्या ठरतो, आणि मालिका तिथेच थांबली असती तर सगळे गोड झाले असते. ती थांबली नाही. जोहतो प्रदेशात चॅरिसिफिक नावाची एक दरी लागते, जिथे केवळ चारिझार्डच राहतात आणि ते सगळे ॲशच्या चारिझार्डपेक्षा मोठे आणि बळकट आहेत. आपल्या माणसांत तो पहिल्यांदाच कच्चा ठरतो. ॲश त्याला तिथे राहू देतो. इतक्या वर्षांनी, इतक्या जखमांनंतर ऐकायला लागलेला सोबती, आणि तो ऐकायला लागल्यावर थोड्याच काळात त्याला सोडून पुढे जायचे, हे मला लहानपणी त्या हरलेल्या सामन्यापेक्षाही जास्त लागले होते. ‘मग एवढी मेहनत कशाला केली?’ असा माझा व्यवहारी प्रश्न होता. टाझोंच्या देवघेवीत वाढलेल्या पिढीचा प्रश्न होता तो. वेफरच्या पाकिटांत निघालेल्या त्या चकत्या आम्ही डब्यात कुलूपबंद जपत असू, आणि हातात आलेले कोणी सोडून देते ही कल्पनाच आमच्या हिशेबात नव्हती.

पुण्याला नोकरी लागली तेव्हा आजोबा ठक्कर बाजारच्या स्टँडवर मला सोडायला आले. गाडी लागली, मी खिडकीजवळ बसलो, आणि हात करायला वळून पाहिले तर ते खिडकीखाली नव्हतेच. पेपरच्या स्टॉलसमोर पाठमोरे उभे होते आणि सुट्ट्या पैशांवरून विक्रेत्याशी वाद घालत होते. गाडी हलली तरी त्यांचा वाद संपला नव्हता. आजोबांना जाऊन आता काही वर्षे झाली.

हे सगळे मी भाचीला सांगितले नाही. तिला फक्त दरीची गोष्ट सांगितली, कारण तिने पाहिलेल्या नव्या भागांत ॲशच नाही. २०२२ मध्ये जगज्जेता होऊन २०२३ मध्ये तो मालिकेतून बाहेर पडला, आणि आता तिच्या ओळखीचा चारिझार्ड फ्रीड नावाच्या एका उमद्या संशोधकाचा आहे, आणि हा चारिझार्ड सुरुवातीपासून शहाण्यासारखा वागतो. तिने विचारले, ‘मग ॲशचा तो परत आलाच नाही?’ मी म्हणालो, येतो की. ॲशचा जुना प्रतिस्पर्धी गॅरी, त्याच्या ब्लास्टॉइसविरुद्ध येतो, आर्टिकुनो या बर्फाच्या पक्ष्याशी लढायला येतो, आणि दोन्ही वेळा जिंकून पुन्हा दरीत निघून जातो. तिने जरा विचार केला आणि विचारले, ‘बोलवल्यावर येतो म्हणजे त्याचाच ना?’ मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याऐवजी तिला सुचवले की चित्रातल्या शेपटीवर एक मोठे पान काढ, बाहेर पाऊस आहे. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. ‘मोठा झाल्यावर त्याला पान लागत नाही, मामा.’

मग तिने पान उलटले आणि मेगा रूप काढायला घेतले, तेच ते, ज्यात तो रीतसर ड्रॅगन होतो. काळा खडू अर्ध्या पंखातच संपला. मी छत्री उचलली आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघालो, तेव्हा जिन्यावरून तिचा आवाज आला की निळाही आण, आग निळी असते.